प्रबंध शेवटाकडे आलाय आणि फाइल उघडवत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: समाजशास्त्रात पीएचडी, नोंदणीला पाच वर्षं होऊन गेली. विषय, नवी मुंबईच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांतल्या मासे विकणाऱ्या बायका. ३८ मुलाखती झाल्या, सहापैकी तीन प्रकरणं लिहून झाली. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता, घर ऐरोलीत, मुलगी चार वर्षांची. ती झोपली की रात्री दहाला लॅपटॉप उघडता, एक वाजता बंद करता, आणि मधल्या तीन तासांत एक परिच्छेदसुद्धा होत नाही. गाईड सरांचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. सासूबाई विचारतात, "संपलं का गं?" रविवारी मुलीला फ्लेमिंगो दाखवायला खाडीवर नेलंत, तर तिथेही डोक्यात चौथं प्रकरण. आणि शेवटी विचारलंय, दोन महिने सगळं बंद करून सुट्टी घेऊ, की दात-ओठ खाऊन एकदाचं संपवून टाकू?

मी ठाण्यात राहते. सत्तावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. माझ्या हाताखाली नऊ जणांची पीएचडी झाली, दोघांनी सोडली. परीक्षक म्हणून वाचलेले प्रबंध वेगळे. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. जे सांगणार ते या अकरा जणांकडे बघून आणि स्वतःच्या फजितीवरून. ओळख नाही म्हणून तुम्हाला "तुम्ही" म्हणते आहे, माझ्या विद्यार्थिनी असतात तर एव्हाना "अगं वेडे" म्हणून झालं असतं.

दोन्ही नको, असं माझं मत आहे. दात-ओठ खाऊन तर तुम्ही गेले कित्येक महिने बसताच आहात, त्याने काय झालं ते दिसतंच आहे. आणि दोन महिन्यांची सुट्टी बहुतेकांना मानवत नाही, ती का, ते पुढे सांगते. पण मध्येच तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "मी आळशी झाले आहे का?" त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. आळशी माणूस रात्री एक वाजेपर्यंत रिकाम्या पानासमोर बसत नाही. तो साडेदहाला घोरत असतो.

आता थोडं बर्नआउट या शब्दाबद्दल, कारण तुम्ही तो तीनदा वापरलाय. हा शब्द आजच्या अर्थाने १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या लेखामुळे रूढ झाला. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करायचा, आणि तिथले स्वयंसेवक, त्यात तो स्वतःही, वर्षभरात कसे जळून कोळसा होतात हे त्याने लिहिलं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की टंगळमंगळ करणारे जळत नव्हते. जीव ओतून आलेले जळत होते. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तिथे तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवले तर उपयोग होतो. एक थकणं, दुसरं विटणं. थकलेल्याला झोप पुरते. विटलेल्याला नुसती झोप पुरत नाही, तो झोपून उठला तरी ताट पाहून तोंड फिरवतो. माझ्या अनुभवात प्रबंधाच्या शेवटी माणूस थकतो कमी, विटतो जास्त. आणि वीट काम जास्त झाल्याने येत नाही. काम कुठे संपतं तेच कळेनासं झालं की येतो. पहिल्या दोन वर्षांत कामाला आपोआप काठ असतात: कोर्सवर्कची परीक्षा असते, सिनॉप्सिस म्हणजे विषयाचा आराखडा असतो, फील्डवर असताना आज दोन मुलाखती झाल्या, उद्या एक, असं मोजता येतं. लिहायला बसलं की हे सगळं जातं. "प्रबंध लिहायचाय" हे काम रोज सकाळी तेवढंच उरलेलं असतं. काल चार तास बसलात तरी आज ते तेवढंच. याने कोणीही विटेल.

मात्र हे सगळं खरं धरण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, आणि यात चालढकल नको.

पहिली, रक्त. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. माझी एक विद्यार्थिनी वर्षभर स्वतःला नालायक म्हणत होती आणि तिचं हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. मी तिला वेळेचं नियोजन शिकवत होते! गोळ्या सुरू झाल्यावर तीन महिन्यांत ती माणसात आली. तुम्ही रोज साडेपाच तास झोपता, घरचं, कॉलेजचं, मुलीचं बघता. तपासणी न करता "मनाचं आहे" म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. कामाचा वीट आणि नैराश्य वरवर सारखं दिसतं. माझी घरगुती कसोटी अशी, की प्रबंध बाजूला ठेवल्यावर इतर गोष्टी गोड लागतात का? मुलगी काहीतरी विचित्र बोलली की हसू येतं का, आवडीची भाजी आवडीची वाटते का? वाटत असेल तर बहुधा वीट कामाचा आहे. सगळंच बेचव झालं असेल, झोप पहाटे तीनला मोडून परत लागत नसेल, "मी नसते तर बरं" असे विचार येत असतील, तर मग प्रबंधाचं उत्तर मुळीच शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, नावाला घाबरू नका, तिथे आपल्यासारखीच माणसं येतात. आणि रात्री एक वाजता कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

आता दोन महिन्यांच्या सुट्टीकडे येते. बाळंतपण, आजारपण, घरात कोणी गेलं, अशा वेळी सुट्टी घ्यावीच, त्याला पर्याय नाही. पण नुसत्या विटाला लांब सुट्टी दिली की दोन गोष्टी होतात. एक, फाइल गार पडते. दोन महिन्यांनी उघडलीत तर आपणच लिहिलेलं परकं वाटतं, कुठली मुलाखत कुठे वापरायची होती ते आठवत नाही, आणि परत शिरायला पंधरा दिवस लागतात. दुसरं त्याहून वाईट: ती सुट्टी होतच नाही. रोज सकाळी "आज तरी उघडावी का" हा प्रश्न उभा राहतो, आणि तुम्ही काम न करताही कामाचा भार वाहता. खाडीवर फ्लेमिंगो बघताना चौथं प्रकरण डोक्यात होतं ना, तसे साठ दिवस.

म्हणून मी दहा दिवस सांगते. तारीख लिहून. आज ठरवलंत तर पुढच्या कुठल्या वारी बसणार, कुठे, कुठलं पान उघडणार, हे सुट्टीच्या आधी कागदावर लिहून टाकायचं आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायचा. हे ठरवलेलं असलं की डोकं त्या प्रश्नाचा पिच्छा सोडतं, असा माझा अनुभव आहे. दहा दिवसांत लॅपटॉप कपाटात. रात्री दहाला मुलीबरोबर तुम्हीही झोपा. पहिले तीन दिवस नुसती झोप येईल, चौथ्या-पाचव्या दिवशी चिडचिड होईल, आणि साधारण आठव्या दिवशी कुठेतरी भांडी घासताना एखादी मुलाखत आठवेल, आपोआप. ती आठवली की समजा, विषय मेलेला नाही.

इथे एका गोष्टीवर जरा थांबते, कारण तुमच्या पत्रात ती ओझरती आली आहे आणि मला वाटतं गाठ तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की पहिली तीन प्रकरणं भराभर झाली, अडलं ते चौथं. पहिली तीन म्हणजे प्रस्तावना, आधीच्या अभ्यासांचा आढावा, आणि पद्धती. या तिन्हीत माणसं नाहीत. चौथ्यात त्या ३८ बायका येतात. तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसलात, त्यांनी टोपली बाजूला सारून चहा दिला, खाडीत आता जिताडा मिळत नाही, निवटे सुद्धा पूर्वीसारखे नाहीत, हे सांगितलं, कोणी नवरा गेल्याचं सांगितलं, कोणी जमिनीच्या पैशावरून भावाने बोलणं टाकल्याचं सांगितलं. आणि आता तुम्हाला त्या बोलण्याला "उत्तरदाती क्र. १७" म्हणायचंय आणि तक्त्यात कोंबायचंय. रात्री एकट्याने हेडफोन लावून ते रडणं पुन्हा ऐकायचंय. मग फाइल उघडवत नाही यात नवल काय? तो आळस नाही की बुद्धी कमी पडणंही नाही. तुम्हाला त्या बायकांचं ऋण वाटतंय आणि आपलं लिखाण ते फेडायला पुरणार नाही, ही भीती आहे.

अर्थशास्त्रात आम्हाला हे कमी भोगावं लागतं, आकडे रडत नाहीत. पण माझी एक विद्यार्थिनी कर्जबाजारी शेतकरी कुटुंबांवर काम करत होती, तिचं असंच झालं. तिला मी तीन गोष्टी करायला लावल्या. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकणं बंद, उतरवून काढलेला मजकूर फक्त दिवसा वाचायचा, तोही घरात इतर कोणी असताना. दुसरं, सगळ्या मुलाखती चौथ्या प्रकरणात आणायचा हट्ट सोडायचा. सहा-सात सविस्तर, बाकीच्या त्यांच्या आधाराला. आणि तिसरं, एकदा वही न घेता तिकडे जाऊन यायचं. तुम्हाला तर दिवा कोळीवाडा घरापासून जवळ. एका सकाळी पिशवी घेऊन जा, मांदेली घ्या, भाव करा, ओळखीची कोणी भेटली तर मुलीबद्दल बोला. त्यांना तुमच्या प्रबंधाची फारशी पडलेली नाही, हे तिथे उभं राहिल्यावर जितकं कळतं तितकं घरी बसून कळत नाही. त्याने फार हलकं वाटतं.

आता कामाला काठ कसे घालायचे ते सांगते. इथे जरा आकडेमोड आहे.

तुमची तीन प्रकरणं उरली आहेत. तीसेक पानांचं एक धरलं तर नव्वद पानं. एका कागदावर वर लिहा, "हा प्रबंध काय करणार नाही." आणि खाली लिहीत जा. कोळीवाड्यांचा संपूर्ण इतिहास देणार नाही. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था, आल्यापासूनच्या भूसंपादनाचा आढावा घेणार नाही, एका परिच्छेदात आटोपेल. पुरुष मच्छीमारांशी तुलना करणार नाही. धोरणात्मक शिफारशींचं वेगळं प्रकरण करणार नाही, समारोपात दोन पानं पुरतील. माझ्या अनुभवात या एका कागदाने पाच-सहा आठवडे वाचतात. तुमच्या बाबतीत पाचवं आणि सहावं प्रकरण एकत्र होतंय का ते बघा. समजा चौथं पंचवीस पानांचं, पाचवं पंचवीस आणि समारोप बारा, म्हणजे बासष्ट पानं. आठवड्याला पाच बैठका, दर बैठकीला एक पान. साडेबारा आठवडे. तीन-सव्वातीन महिन्यांत कच्चा मसुदा हातात. पान चांगलं असायला हवं असं मी म्हटलेलं नाही, नुसतं पान.

"एवढं कापलं तर परीक्षक काय म्हणतील?" असं तुमच्या मनात येईल. परीक्षकाच्या खुर्चीतून सांगते. मी प्रबंध हातात आला की आधी सारांश, मग अनुक्रमणिका, मग थेट समारोप वाचते, मग संदर्भसूचीवरून नजर फिरवते, आणि मगच पहिल्या पानावर येते. मला बघायचं असतं एवढंच: प्रश्न काय विचारला होता, आणि त्याचं उत्तर शेवटी आलं का. चारशे पानांच्या प्रबंधात उत्तर हरवलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. दोनशे पानांत ते सापडलं म्हणून कोणाला नापास केल्याचं आठवत नाही. पीएचडी ही संशोधन करता येतं याची परीक्षा आहे. तुमच्या आयुष्याचं मोठं काम त्यानंतर करा, कोळणींवर पुस्तक लिहा, मी पहिली प्रत विकत घेईन.

बैठकीची वेळ बदला. रात्री दहा ते एक ही वेळ तुमची नाही, ती उरलेली वेळ आहे. दिवसभर शिकवून, डबे भरून, गोष्ट सांगून झाल्यावर जे उरतं ते तुम्ही सगळ्यात अवघड कामाला देताय. पन्नास मिनिटांची बैठक, शक्य असेल तर सकाळी. कॉलेजात दोन तासिकांच्या मध्ये जो रिकामा तास मिळतो तो स्टाफरूममध्ये जातो, कारण तिथे कोणीतरी चहा सांगतं. तो तास लायब्ररीत न्या. शनिवारी नवऱ्याला मुलीला सांभाळायला सांगून ठाण्याला या. ऐरोलीहून लोकलने दिघा गाव स्टेशन सोडलं की ठाणंच. स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तिथे म्हातारे गृहस्थ पेपर वाचत असतात आणि कोणी तुम्हाला "संपलं का" विचारत नाही.

बैठक संपवताना एक करा. वाक्य अर्धवट सोडा आणि खाली कंसात लिहा, पुढे काय येणार. "इथे पहाटेच्या लिलावाबद्दल, उत्तरदाती १७." दुसऱ्या दिवशी रिकाम्या पानापासून सुरुवात होत नाही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी हे एक तरी ऐकलं, बाकी कितपत ऐकलं देव जाणे.

आणि काही दिवस असे येतीलच की डोकं चालणार नाही. त्या दिवसांसाठी हमालीची कामं वेगळी काढून ठेवा: संदर्भसूचीतले स्वल्पविराम, नकाशाखालची ओळ, तक्त्यांचे क्रमांक, उत्तरदातींची यादी. ही कामंही प्रबंधाचीच आहेत आणि त्यांना डोकं कमी लागतं. फक्त चांगल्या दिवशी ती करू नका. चांगल्या दिवशी संदर्भसूची नीट करत बसणं हा पळ काढण्याचा फार सभ्य मार्ग आहे, मी स्वतः त्यात दोन महिने घालवलेत.

वाचता येतंय पण लिहिता येत नाही अशी अवस्था असेल तर माझ्या एका विद्यार्थ्याची युक्ती सांगते. हा तुर्भ्याच्या एमआयडीसीत नोकरी करून अर्थशास्त्रात पीएचडी करत होता. घरी दोन खोल्या, वडील टीव्ही मोठ्याने लावायचे. तो रविवारी दुपारी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल पकडायचा. रविवारी दुपारी खिडकी मिळते. लॅपटॉप नाही, फोन बॅगेत, फक्त एका प्रकरणाचं प्रिंटआउट आणि पेन्सिल. पनवेल येईपर्यंत वाचायचं, समासात खुणा करायच्या. पनवेलला उतरून चहा. परतीच्या गाडीत एका कोऱ्या पानावर, प्रिंटआउट न बघता, या प्रकरणात मला नक्की काय म्हणायचंय ते आईला सांगितल्यासारखं लिहायचं. ठाणं आलं की थांबायचं, वाक्य पूर्ण झालं असो वा नसो. अशी तीन पानं त्याने मला आणून दाखवली, वेडीवाकडी, गाडीच्या धक्क्यांनी अक्षर उड्या मारतंय. त्याच्या अख्ख्या प्रबंधात त्या तीन पानांइतकं स्वच्छ काही नव्हतं. आम्ही तीच पानं त्या त्या प्रकरणाच्या सुरुवातीला टाकली.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर रक्त तपासा, दहा दिवस खरोखर थांबा, चौथ्या प्रकरणातल्या ऋणाचं ओझं ओळखा, प्रबंध काय करणार नाही ते लिहा, आणि रात्रीची बैठक सकाळी आणा. पण यातलं सगळं केलंत आणि पुढचं एक केलं नाहीत, तर गाडी परत तिथेच अडेल.

गाईडशी बोला. आधी माझी फजिती. माझी स्वतःची पीएचडी २००१ ची. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात माझं लिखाण चार महिने बंद होतं आणि मी सरांना तोंड चुकवत होते. एक दिवस ठाणे स्टेशनवर ते समोरून येताना दिसले. मी बुकस्टॉलकडे वळले, पाठ करून उभी राहिले, आणि काहीतरी करायला हवं म्हणून पुढ्यातलं एक पुस्तक विकत घेतलं. लोणच्यांचं होतं. अजून घरात आहे. पुढे मसुदा दिला तेव्हा सर म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी लोणची घालत होता वाटतं." म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

आणि आता गाईड म्हणून जे चुकलं ते. ज्या दोघांनी सोडली त्यातल्या एकाकडे माझं दुर्लक्ष झालं. आठ महिने त्याचा निरोप नव्हता. मी कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलींत बुडालेली, मला वाटत राहिलं, मुलगा लिहितोय, त्रास कशाला द्या. शेवटी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, मी फेब्रुवारीपासून फाइल उघडलेली नाही." तेव्हा ऑक्टोबर होता. गाईडला तुमची शांतता ऐकू येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. तुम्हाला वाटतं सर रागावलेत. सरांना बहुधा वाटतंय, तुमचं काम चाललंय. काही गाईड खरोखरच खवट असतात, ते मी नाकारत नाही, तुमचे कसे आहेत ते मला माहीत नाही. पण खवट माणसालाही नेमकं विचारलं की नेमकं उत्तर द्यावं लागतं. फोन नको, लिहून पाठवा. काहीसं असं:

"सर, नमस्कार. गेले चार महिने माझं लिखाण थांबलं आहे. मुलाखती आणि पहिली तीन प्रकरणं तयार आहेत, चौथ्यात अडले आहे. पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत चौथ्याचा आठ पानांचा कच्चा मसुदा पाठवते. तो अपुरा असेल. दिशा बरोबर आहे का, एवढंच आपण सांगावं. भाषा आणि संदर्भ मी नंतर दुरुस्त करेन. पाचवं आणि सहावं प्रकरण एकत्र करण्याचा विचार आहे, त्याबद्दल वीस मिनिटं भेटता येईल का?"

यात "सॉरी" एकदाही नाही, मुद्दाम. कारणांची यादी नाही, घरच्या अडचणी नाहीत. थांबलंय ते सांगितलं, काय तयार आहे ते सांगितलं, तारीख दिली, आणि त्यांच्याकडून काय हवं ते छोटं करून मागितलं. "एकदा वाचून सांगा" असं म्हटलं की गाईड लाल पेन घेऊन व्याकरण तपासत बसतो आणि तुमच्या हातात आठ रक्ताळलेली पानं येतात. मीही तेच करायचे.

मुदतीची भीतीही बरीच असते, म्हणून तेवढं सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं आहे, पण स्त्री उमेदवारांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, २०१६ च्या नियमांतही होती आणि नोव्हेंबर २०२२ च्या नियमांतही आहे. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. तुमची मुलगी चार वर्षांची, म्हणजे ती नोंदणीनंतरच झाली. तेव्हा ही रजा नोंदवली होतीत का? नसेल तर विद्यापीठाच्या पीएचडी विभागात अर्ज घेऊन स्वतः जा आणि विचारा. यातलं काहीच आपोआप मिळत नाही, अर्ज मुदतीच्या आत जावा लागतो, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. सहाव्या वर्षात आहात म्हणून आकाश कोसळत नाहीये, एवढं पक्कं.

सासूबाईंचं काय करायचं? त्या वाईट हेतूने विचारत नाहीत, त्यांना दुसरा प्रश्न सुचत नाही. "संपलं का" याला उत्तर एकच असतं आणि ते तुम्हाला रोज "नाही" असं द्यावं लागतं, तिथे दुखतं. फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि दर बैठकीनंतर त्या दिवसाच्या चौकटीत पानांचा आकडा लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासूबाई पुढे पुढे सोसायटीत सांगायच्या, "आमची काल एकवीसवर आली." शून्य असेल तर शून्य लिहा, लपवू नका.

राहिलं सोडून देण्याचं. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण "काही वेळा वाटतं..." असं लिहून पुढे टिंबं दिली आहेत. सोडता येते. माझ्या दुसऱ्या विद्यार्थिनीने विचार करून सोडली. आज कोपरखैरण्यात तिचे अकरावी-बारावीचे क्लास आहेत, बरे चालतात, ती मजेत आहे. पण तिने ते निर्णय म्हणून केलं, चांगल्या झोपेनंतर, दिवसाढवळ्या, माझ्यासमोर बसून. रात्री एक वाजता घेतलेला सोडण्याचा निर्णय धरू नका. दहा दिवसांची सुट्टी आणि सहा आठवड्यांच्या बैठका झाल्यावरही तसंच वाटलं, तर मला परत लिहा, आपण त्यावर बोलू. तीन प्रकरणं लिहून झालेली आणि सगळं फील्डवर्क हातात असताना मी स्वतः सोडणार नाही, पण कॉलेजात कायम होण्याची शक्यता किती, पगार किती, घरातून आधार किती, यावर ते अवलंबून आहे आणि ते हिशोब तुमचे तुम्हालाच ठाऊक.

सरांना निरोप मात्र सुट्टीच्या आधी पाठवा, नंतर नाही. नाहीतर दहाही दिवस पोटात गोळा राहील.

आणि हे फार पुढचं आहे, पण माझ्या तिघांचं चुकलं म्हणून आत्ताच सांगून ठेवते: प्रबंध बाइंडिंगला द्याल तेव्हा पाठकण्यावरची सोनेरी अक्षरं तोंडी सांगू नका. स्वतःचं नाव, सासरचं की माहेरचं जे नोंदणीत असेल ते, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या आणि पहिली प्रत तिथेच उघडून बघा. बाइंडिंगवाला म्हणेल, "होतंय मॅडम, बघायला नको." बघा.